पिवळा की लाल

त्याचं नाव मी लिहिणार नाही. त्याला ते आवडलं नसतं. कशावरही आपलं नाव पडण्याआधी ती वस्तू उलटसुलट तपासायची हा त्याचा नियम होता, आणि हे लिखाण काही त्याच्या हाताखालून गेलेलं नाही. दुकानात आम्ही त्याच्यामागे त्याला तपासनीस म्हणायचो, तोंडावर साहेब. माझ्यापेक्षा वयानं लहान, म्हणून इथे 'तो' लिहितो. समोरासमोर शेवटपर्यंत अहोजाहो होतं. भांडलोसुद्धा अहोजाहोतच.

माझं म्हणाल तर मी चौथी शिकलो. पाचवीच्या मास्तरांचं आणि माझं पटेना. दोघांपैकी एकानं शाळा सोडणं भाग होतं, मास्तर सोडेनात म्हणून मी सोडली. तेव्हा लिहिण्यात चुका निघतील. निघू देत. नारायण पेठेत माझं फोटोचं दुकान. पुढे काचेचं काउंटर, त्यात विकायचे कॅमेरे; मागे निळा पडदा आणि पासपोर्ट फोटोसाठी एक स्टूल. रोल गेला, कार्ड आलं, आजूबाजूचे लोक मोबाइलची कव्हरं विकायला लागले. मलाही शहाण्यांनी सल्ले दिले. मी कॅमेरेच विकले. कुणी सांगितलं म्हणून बदलणारा माणूस मी नव्हे.

कॅमेऱ्यांत तेव्हा मुख्य घराणी दोन. नावं घेत नाही, फुकटची जाहिरात कशाला. एका कंपनीच्या पट्ट्यावर पिवळी अक्षरं, दुसरीच्या भारी लेन्सवर लाल कडं. आम्ही आपले पिवळा आणि लाल म्हणायचो. हिंजवडीला नोकरीला लागलेली पोरं शनिवारी यायची. पाठीवर ऑफिसची सॅक, गळ्यात ऑफिसचंच ओळखपत्र, जसं काही काढलं तर आम्ही ओळखणार नाही. "काका, ॲक्च्युअली मला लालच घ्यायचाय, पण रिव्ह्यूजमध्ये पिवळ्याचं लो-लाइट बेटर दाखवतायत." मी म्हणायचो, "मग रिव्ह्यूच घ्या. माझ्याकडे नुसते कॅमेरे आहेत." तरी यायची. तासाभरात एक डबा उचलून, कार्ड घासून जायची.

तपासनीस मात्र वर्षानुवर्षं आला आणि त्यानं बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, घेतली नाही.

शनिवारी सकाळी मी कुलूप काढतोय तोवर त्याची स्कूटर दारात. खडकीहून यायचा. डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटला घरी शिवलेली निळी टोपडी. आल्या आल्या खिशातून स्वतःचं फडकं काढून आधी हात पुसणार, मग माझं काउंटर पुसणार. मी सकाळीच पुसलेलं असायचं. मला राग यायचा. सांगितलं एकदा. म्हणाला, "तुमचं पुसणं दाखवायचं असतं, मालक. माझं काम करायचं असतं."

पहिल्याच दिवशी दारातून "जयभीम, मालक" म्हणाला होता, मी "नमस्कार" म्हणालो. पुढच्या खेपेला तो चुकून की मुद्दाम "नमस्कार" म्हणाला आणि नेमकं त्याच क्षणी मी "जयभीम" म्हणालो. दोघंही हसलो. मग तसंच राहिलं. तो माझा घ्यायचा, मी त्याचा घ्यायचो.

हात पुसून झाले की स्टुलावर बसणार. "काढा." मी लालची बॉडी पुढे ठेवायचो आणि पिवळ्याची तिच्या शेजारी. तो बॉडी हातात घेऊन आधी उलटी करायचा, तळाकडून बघायचा. रबराच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचा. मग कॅमेरा कानाला लावून, डोळे मिटून, बटण दाबायचा. एखादा वैद्य नाडी बघतो तसा चेहरा. "लालचा आवाज ओला आहे. पिवळ्याचा कोरडा." एका हिंजवडीवाल्यानं विचारलं, "अंकल, म्हणजे कुठला चांगला?" हा म्हणाला, "तुम्हाला कॅमेरा घ्यायचाय की पापड?" पोरगं मोबाइलवर काहीतरी शोधायला लागलं. बहुतेक ओला आवाज.

खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात त्याची नोकरी झाली. काम तपासणीचं. गोळ्याचा एकेक भाग समोर येणार, हा मापात बसतो का ते बघणार, बसला तर पास, नाही तर परत. दोनच शब्द. सगळं आयुष्य त्या दोन शब्दांत गेलेलं. तो सांगायचा, "आमच्याकडे 'चालेल' असा शिक्काच नव्हता. चालेल म्हणालात की कुठे तरी एखाद्या जवानाचा हात जातो." निवृत्त झाला, शिक्का तिथेच जमा करून आला, पण सवय घरी घेऊन आला. भाजीवाल्याकडचं वांगं परत. लेकीनं नागपूरहून पाठवलेला सदरा परत. माझ्याकडचे कॅमेरे तर सगळे परत. त्या सबंध काळात एकाही बॉडीला त्यानं पास म्हटलेलं मी ऐकलं नाही.

पैशाची अडचण नव्हती. तसा गैरसमज नको. त्याच्याकडे पिवळ्याची एक जुनी डिजिटल बॉडी होती, लेकीच्या नवऱ्यानं वापरून दिलेली, आणि पिवळ्याच्याच दोन उत्तम लेन्स. पिवळ्याची लेन्स लालला बसत नाही. तेव्हा नवी बॉडी पिवळ्याची घ्यावी तर सरळ मार्ग होता. लालकडे जायचं म्हणजे दोन्ही लेन्स विकून पहिल्यापासून संसार. मी पिवळ्याचा माणूस. स्पष्ट सांगायचो, "घ्या पिवळा आणि सुटा." तो म्हणायचा, "लालमध्ये कातडी चांगली येते." मी म्हणायचो, "मग लाल घ्या." तो म्हणायचा, "लाल पांढरं जाळतो, घडी दिसत नाही." आणि आमच्या ह्या गप्पा होईपर्यंत दोघांतली एखादी कंपनी नवीन मॉडेल काढायची. मग तो समाधानानं उठायचा. "येऊ द्या ते. बघू."

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते मला पुष्कळ दिवस ठाऊक नव्हतं. ते वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, सांगितलं.

त्या दोघांचं मूळ भंडाऱ्याकडचं. त्यानं कारखान्यात राहून बोली घासून पुसून पुणेरी केली होती, वहिनींनी तसली काही तसदी घेतली नव्हती. बारीक, सावळ्या, बोलताना हातातल्या बांगड्या मागे सारायच्या. एका शनिवारी त्याच्या मागे बसून आल्या. तो दारात स्कूटर लावत होता, तेवढ्यात आत येऊन मला म्हणाल्या, "भाऊ, यायले एकदाचा तो कॅमेरा देऊन टाका ना. माझ्याच्यानं नाही होत आता."

"अहो वहिनी, मी कुठं नाही म्हणतोय. तेच घेत नाहीत."

"माझ्यापायी घेत नाहीत," असं म्हणून त्यांनी ती गोष्ट सांगितली. जुना कॅमेरा हातात आल्यावर पहिल्याच पौर्णिमेला विहारात त्यानं त्यांचा फोटो काढला. भर दुपार, पांढरी साडी, सावळा चेहरा. कॅमेऱ्यानं साडी तेवढी सांभाळली आणि चेहरा पार काळाठिक्कर केला. नाक-डोळे कळेनात. त्या फोटो बघून हसल्या, म्हणाल्या, "एवढी काळी हाओ का मी?" हसत म्हणाल्या होत्या. तो मात्र हसला नाही. त्यानं तिथल्या तिथे तो फोटो उडवला आणि सांगितलं, ह्या बॉडीत तुझा फोटो पुन्हा काढणार नाही. नवी घेईन. तुझा रंग जसा आहे तसा दाखवील अशी. तिच्यातला पहिला फोटो तुझा.

"लग्नातले असतील ना?" मी विचारलं.

"गावच्या विहारातलं लगन आमचं. फोटोवाला कोण सांगते तिथं?"

तो आत आला. त्याला कळलं असावं. "काय सांगतेस त्यांना?"

"तुमचं कौतुक," वहिनी म्हणाल्या.

मी त्याला नंतर म्हणालो, "साहेब, थोडा फ्लॅश मारा. चेहरा उजळेल. दोन मिनिटांचं काम." तो माझ्याकडे असा बघायला लागला जसं मी त्याला वजनात मारायला सांगितलं. "फ्लॅशचा चेहरा खोटा असतो, मालक. भिंतीवर खोटा माल लावायचा?"

तेव्हापासून वहिनी वरचेवर यायला लागल्या. म्हणजे तो त्यांना आणायला लागला. तपासायचं ज्याच्यासाठी, त्याच्यावरच तपासायचं, हे त्याचं म्हणणं. त्यांना स्टुलावर बसवायचा आणि दोन्ही बॉड्यांनी फोटो काढायचा. पण काय काढायचा? कातडीचा रंग बघायचा म्हणून हाताचा. पांढरं जळतं का बघायचं म्हणून खांद्यावरच्या निऱ्यांचा. काळ्यात बारकावे येतात का म्हणून अंबाड्याचा. धार बघायची म्हणून कानातल्या खड्याचा. आणि सगळ्यात जास्त वर्तमानपत्राचा. छोट्या जाहिरातींचं पान वहिनींनी हात लांब करून तोंडासमोर धरायचं, आणि ह्यानं त्या बारीक अक्षरांवर नेम धरायचा. मग माझ्या कॉम्प्युटरवर ती अक्षरं मोठी करून तास न् तास बघायचा. 'वधू पाहिजे'मधला 'ध' लालमध्ये कसा आणि पिवळ्यात कसा. वहिनी पानाआडून विचारायच्या, "झालं का जी?" कधी कधी आडून ती पानंच वाचून दाखवायच्या. "सदाशिव पेठेत दोन खोल्या भाड्यानं आहेत. शाकाहारीच पाहिजे म्हणते." मी हसायचो. तो म्हणायचा, "हलू नकोस."

एकदा मात्र मी त्याच्यावर चिडलो होतो. ते सांगतो.

आमच्या धंद्यात एक काम कायमचं असतं. घरात कुणी गेलं की माणसं धावत येतात, हातात कुठल्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो, आणि बोट ठेवून सांगतात, "ही आई. एवढीच मोठी करून द्या." चेहरा हरभऱ्याएवढा. आम्ही तो कापायचा, मोठा करायचा, शेजारणीचा खांदा पुसायचा, नवा पदर रंगवायचा. एक गृहस्थ असेच आले, डोळे सुजलेले. फोटोत आई पंगतीत वाढत होती आणि मान खाली. तपासनीस स्टुलावर बसला होता. फोटो हातात घेऊन म्हणाला, "जिवंत होत्या तेव्हा समोर बसवून एक काढता आला नाही?"

मी फोटो तपासनिसाच्या हातातून काढून घेतला. "साहेब, दुकान माझं आहे. माणूसही माझ्याकडे आलाय. आपण बाहेर उभे राहा."

तो खरंच बाहेर जाऊन उभा राहिला. गृहस्थ गेले तसा आत आला आणि म्हणाला, "मी चुकीचं बोललो का?"

"नाही. म्हणून तर बाहेर काढलं."

मग वहिनींना दम लागायला लागला. आधी जिना चढताना, मग बोलताना. मोठ्या दवाखान्यात नेलं, हृदयाचं निघालं. स्कूटरवर बसणं बंद झालं. त्या दिवसांत तरी हा घाई करील असं मला वाटलं होतं. त्यानं केलीही, त्याच्या पद्धतीनं. शनिवारी यायचा तो आता मधल्या वारीही यायला लागला. दोन्ही कंपन्यांचे कागद बरोबर, तोंडावर दाढीचे खुंट. "मालक, ठरवायलाच पाहिजे."

"ठरवा ना."

"चुकीचं ठरलं तर?"

मी दोन्ही बॉड्या पुन्हा काढून त्याच्यापुढे ठेवल्या.

शेवटी एका पौर्णिमेला त्यानंच काढलं की खडकवासल्याला जायचं. भरपूर उजेड, मागे पाणी, अंगावर पांढरी साडी. दोघांपैकी ज्या बॉडीला एवढं जमेल ती घ्यायची, दुसऱ्या दिवशी, विषय संपला. माझी दुकानाची सुट्टी होती. मी कुणाला कॅमेरे बाहेर नेऊ देत नाही, म्हणून मीही गेलो. माझी जुनी गाडी, मी चालवायला, तो पुढे, वहिनी मागे. विहारातून सरळ आलेल्या, केसांत काही नाही, साडीला इस्त्री.

धरणाच्या कडेनं भाजक्या कणसांचा धूर. कॉलेजची पोरं-पोरी एकमेकांचे फोटो मोबाइलवर काढत होती, काढून लगेच हसत होती. त्यानं वहिनींना कठड्यावर बसवलं, तिकाटणं लावलं, वर लालची बॉडी चढवली. लेन्स पूर्ण उघडी ठेवली. अशी लेन्स ज्याच्यावर नेम धरला तेवढंच धारदार काढते, हातभर मागचं सगळं धुरकट. वहिनींनी हात लांब करून पान तोंडासमोर धरलं. त्यानं पानावर फोकस बसवला आणि तिथेच पक्का केला.

"वर धर. अजून. हलू नकोस."

"वारा किती सुटला. हात दुखून राहिले माझे."

"एकच काढतो. लालचा."

त्यानं बटण दाबलं आणि त्याच क्षणी पान खाली आलं. मांडीवर पडलं.

"हललीस! घालवलास!"

"दम लागला जी," वहिनी म्हणाल्या. तोंडावर घाम होता.

"बास करू या का?" मी म्हणालो.

तो ऐकत नव्हता. लाल उतरवून पिवळा चढवत होता. पुन्हा लेन्स उघडली, पुन्हा पान वर, पुन्हा त्या जाहिरातींवर नेम. त्याचा डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला. वहिनींनी पानाच्या कडेवरून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ह्या वेळी मुद्दाम, हळूच, पान खाली घेतलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "मी इथं हाओ."

खट्. कोरडा आवाज.

"पुन्हा हलली!" तो म्हणाला.

मग त्यांनी नीट धरलं, त्यानं दोन्ही कॅमेऱ्यांनी मनासारखे काढले. पानाचे. मी कणीस आणलं. वहिनींनी दाणे सोलून आधी त्याच्या हातावर ठेवले, मग स्वतः खाल्ले. परतताना गाडीत मागून विचारलं, "तुमच्या दुकानात मोठे फोटो करता ना, भाऊ? काच-बिच लावून?"

"करतो ना वहिनी."

"मंग माझाही करसाल."

पुढून तो म्हणाला, "बॉडी येऊ दे. पहिला तुझाच."

"येऊ द्या," वहिनी म्हणाल्या. "मी कुठं चालली?"

दुकानात कार्ड लावलं. लालनं साडी जाळली होती, घडीच दिसेना. पिवळ्यानं घडी न् घडी ठेवली होती, पण हात, मान काळवंडलेली. "दोन्ही परत," तो म्हणाला. मग त्या दोन हललेल्या फोटोंवर आला. "हे उडवा."

"कॉम्प्युटर माझा आहे. काय उडवायचं ते मी बघीन."

"खराब माल ठेवू नये, मालक. चुकून बाहेर जातो."

"जाऊ दे. मी सही करतो."

मला काही त्या फोटोंचं पुढचं दिसलं होतं असं नाही. कुणी 'उडवा' म्हटलं की मी ठेवतो, एवढंच.

दिवाळीच्या आधी वहिनी गेल्या. मला कळलं ते त्याच्याच तोंडून. सकाळी कुलूप काढत होतो, स्कूटर दारात. हेल्मेट काढलं नाही, हात पुसले नाहीत, काउंटर पुसलं नाही. स्टुलावर जाऊन बसला आणि म्हणाला, "मोठा फोटो पाहिजे. पुण्यानुमोदनाला ठेवायला."

मी त्याच्या हाताकडे पाहिलं. त्यात मतदार ओळखपत्र होतं. ते सरकारी फोटो तुम्हाला माहीतच आहेत, त्यात माणसाची ओळख सोडून सगळं असतं. मी विचारलं, "आणि?"

"आणि नाही."

मग मी कॉम्प्युटर लावला. वहिनींचे एवढे फोटो होते की बोट दुखेपर्यंत पुढे सारत राहिलो. हात. बांगड्या. खांदा, अंबाडा, कानातला खडा. पानाच्या दोन कडांवर धरलेली बोटं, पानाच्या वर भांग. पुन्हा पान. पुन्हा बोटं. सगळं काही धारदार. तोंड कुठेच नाही. तो शेजारी उभा राहून बघत होता. मी त्याच्याकडे बघत नव्हतो.

खडकवासल्याचे ते दोन आले तसा मी थांबलो. वहिनी समोर बघताहेत, मांडीवर पान. दोन्ही धुरकट, ओल्या काचेतून बघावं तसे.

"हे उडवायला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं."

"का नाही उडवलं?"

"तुम्ही सांगितलं म्हणून."

तो खाली वाकला. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावायला सांगितले. आणि त्या वेळीसुद्धा, तुमचा विश्वास बसणार नाही, त्यानं तपासायला सुरुवात केली. काचेवर बोट फिरवत म्हणाला, "लालचा घ्या. चेहरा उजळ आहे."

"पिवळ्याचा घ्या."

"पिवळ्यात काळवंडलाय. तिला मी काय शब्द दिला होता?"

"पिवळ्याचाच घ्या म्हणतो ना."

"तुम्ही पिवळ्याचे माणूस आहात, मालक. आज तरी कंपनी सोडा!"

मग माझाही आवाज चढला. "तुम्ही सोडा कंपनी! रंग काय बघताय? लालमध्ये वहिनी दमल्यात. पिवळ्यात हसताहेत!"

त्यानं हेल्मेट काढून काउंटरवर ठेवलं. चष्मा वर सारला, खाली घेतला. पुष्कळ वेळ एका फोटोवरून दुसऱ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला दिसत होतं, काहीतरी वेगळं आहे ते. तो फरक मी कंपनीचा धरला."

मी पाणी आणून दिलं. प्यायला नाही. "दोन्ही करा," म्हणाला.

"एकच ठेवतात, साहेब."

"दोन्ही करा."

मी दोन्ही केले. धार आणायचा प्रयत्न केला नाही. धुरकट होते तसे ठेवले, एकसारख्या चौकटी लावल्या. पुण्यानुमोदनाला गेलो. खडकीच्या त्यांच्या घरात बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्त्या, शेजारी टेबलावर पांढरं कापड आणि त्यावर वहिनी दोनदा. दोघींना फुलं. दारात तो उभा होता. मी "जयभीम" म्हणालो, त्याला नमस्कार म्हणायचं सुचलं नाही. त्यांच्या गावाकडची एक म्हातारी दोन्ही फोटोंकडे बघून म्हणाली, "दोन काहून ठेवले गा?" तो म्हणाला, "ठरलं नाही अजून."

त्यानंतर शनिवार आले आणि गेले. मी कुलूप काढताना रस्त्याकडे बघायचो. काउंटर पुसायचो, आणि आपलं पुसणं दाखवायचं आहे हे मला आठवायचं. फोन केला तर नागपूरहून येऊन राहिलेली लेक उचलायची, म्हणायची, बाबा बरे आहेत, जेवतात. मी काही दुसऱ्यांदा जाणारा माणूस नव्हे. तरी एकदा खडकीपर्यंत जाऊन आलो. खिडकीत उजेड होता, वर चढलो नाही.

मग बऱ्याच दिवसांनी, एका शनिवारी, स्कूटर. अंग निम्मं झालेलं, हेल्मेट तेच, टोपडी मळलेली. हातात वर्तमानपत्रात बांधलेलं काहीतरी. फडकं काढलं, हात पुसले, काउंटर पुसलं. मी पुसू दिलं.

"पिवळ्यानं नवीन काढलाय म्हणे."

"काढलाय."

"काय नवीन त्यात?"

मी बॉडी काढून पुढे ठेवली. सांगायला जीभ रेटेना, पण विचारलं तर सांगायला पाहिजे. "मागचा स्क्रीन लावला की चेहरा ओळखतो. आपोआप. आपण कुठंही नेम धरा, समोर माणूस असला की चौकट त्याच्या तोंडावर जाऊन बसते. फोकस तिथेच."

"कुणाच्याही?"

"कुणाच्याही."

त्यानं बॉडी उलटी केली नाही, कानाला लावली नाही. मागचा स्क्रीन लावला आणि माझ्याकडे धरला. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की माझ्या तोंडावर चौकट आली असणार. मग त्यानं कॅमेरा खाली ठेवला आणि बरोबर आणलेल्या वस्तूवरचा कागद काढला. फोटोची चौकट होती. त्या दोघींतली एकच. पान मांडीवर घेऊन हसणारी.

मी स्टूल पुसून दिलं. एरवी मी जिंकलो की बोलून दाखवतो.

त्यानं तो फोटो निळ्या पडद्यापुढे, स्टुलावर, उभा ठेवला. मागे सरकून कॅमेरा वर धरला. मी त्याच्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये बघत होतो. पिवळी चौकट आधी स्टुलाकडे गेली, मग परत आली, थोडी इकडे तिकडे चाचपडली, आणि त्या धुरकट चेहऱ्यावर जाऊन बसली. हिरवी झाली, म्हणजे फोकस बसला. हलली नाही.

त्यानं बटण दाबलं नाही.

"पास," तो म्हणाला.

मग कॅमेरा काउंटरवर ठेवला, झाकण लावलं.

"बांधून देऊ?" मी विचारलं.

"आता कुणासाठी, मालक?" त्यानं कॅमेऱ्यावरून एकदा फडकं फिरवलं. "उशीर केला कंपनीनं."

मी हो म्हणालो. कंपनीशी माझं एवढं जुनं नातं, तरी हो म्हणालो.

तो स्टुलाकडे गेला. फोटो उचलला, वर्तमानपत्राचं पान उलगडून त्यावर ठेवायला लागला. काचेवर पान अर्धं आलं आणि तो थांबला. पान पुन्हा काढलं, नीट चार घड्या घालून माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. चौकट तशीच उघडी छातीशी धरली, तोंड बाहेरच्या बाजूला, आणि पायऱ्या उतरला. स्कूटर ढकलत ढकलत चालत गेला, एका हातानं. पेठेतली माणसं वळून बघत होती.